बैठकीत आपले म्हणणे पटवून कसे द्यावे?

‘माझा अभ्यास पक्का असतो, तरी मी बोलू लागलो की लोक मोबाइलमध्ये डोके घालतात आणि प्रस्ताव “पुढे बघू” म्हणून बाजूला पडतो’, असे आपण लिहिले आहे आणि आवाज व देहबोली सुधारल्याने फरक पडेल का, असे विचारले आहे. थोडा पडेल. पण माझ्या अनुभवात खरे दुखणे बहुधा त्याच्या आधी असते: ऐकणाऱ्यांनी नेमके काय ठरवावे, हे बोलणाऱ्याने स्वतःशी पक्के केलेले नसते.

मला हे उशिरा उमगले. नोंदी ठेवण्याची जुनी पद्धत बदलावी यासाठी मी एकदा तीन आठवडे खपून ३१ स्लाइड तयार केल्या होत्या. अर्ध्याहून अधिक झाल्यावर विभागप्रमुखांनी मला थांबवले आणि अगदी शांतपणे विचारले, “हे सगळे ठीक आहे, पण आज आम्ही काय ठरवायचे आहे?” त्याचे उत्तर शेवटच्या स्लाइडवर होते आणि तिथवर पोहोचायला वेळ उरला नव्हता. तेव्हापासून मी तयारीला बसण्यापूर्वी कोणी, काय आणि कधीपर्यंत करावे हे सांगणारे एकच वाक्य कागदावर लिहितो. ‘पुढच्या महिन्यापासून एका गटाने दोन महिने नवी पद्धत वापरून पाहावी’, एवढे स्पष्ट. हे वाक्य मी पहिल्याच मिनिटात सांगतो आणि ज्या माहितीने त्याला आधार मिळत नाही ती कितीही कष्टाने जमवलेली असली तरी गाळतो.

माहिती हाताशी असूनही ती नीट मांडली न गेल्यास काय होऊ शकते, याचे उदाहरण मला कायम अस्वस्थ करते. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री, चॅलेंजर अवकाशयानाच्या उड्डाणाच्या आदल्या दिवशी, अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत कडाक्याच्या थंडीत उड्डाण करू नये असे सुचवले होते, कारण रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्या थंडीत नीट काम करत नाहीत अशी त्यांना भीती होती. त्यांनी १३ तक्ते पाठवले होते; पण आधीच्या सर्व उड्डाणांचे तापमान आणि कड्यांना झालेली इजा एकत्र दाखवणारा तक्ता त्यांत नव्हता. नंतर चौकशी आयोगाने तो हिशेब मांडला: ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानातील २० उड्डाणांपैकी फक्त ३ मध्ये कड्यांना इजा झाली होती, तर ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानातील चारही उड्डाणांत ती झाली होती. त्या रात्री वरिष्ठांवर इतर दडपणेही होती, त्यामुळे दोष अभियंत्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. तरीही जी तुलना दोन वाक्यांत सांगता आली असती, ती कोणासमोरच आली नाही. दुसऱ्या दिवशी उड्डाण होताच काही क्षणांत यान फुटले आणि त्यातील सातही जणांचा जीव गेला. म्हणून मी स्वतःला विचारतो, की माझ्याकडच्या आकड्यांतली कोणती एक तुलना ऐकणाऱ्याला निर्णयापर्यंत नेईल? ती सापडली की बाकीचे आकडे सोबतच्या कागदांत जोडता येतात.

आता आवाजाविषयी. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘करावे’ की ‘करू नये’ हे तिथेच कळते. आपण मात्र वाक्याच्या शेवटाकडे येताना श्वास संपल्यामुळे आवाज खाली सोडतो, आणि नेमका निर्णयाचा शब्द पुटपुटल्यासारखा होतो. मी माझे बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ऐकले तेव्हा ‘हरकत नाही’ मधला ‘नाही’ मलाच ऐकू येत नव्हता. त्यावर उपाय एवढाच, की बोलायची वाक्ये लिहायच्या वाक्यांपेक्षा आखूड ठेवावीत, शेवटचा शब्द पूर्ण उच्चारावा आणि मग क्षणभर थांबावे. ही सवय मनातल्या मनात वाचून लागत नाही. उभे राहून मोठ्याने, निदान तीनचार वेळा बोलावे लागते. सुरुवातीची दोन वाक्ये पाठ असली की छातीतली धडधडही लवकर ओसरते.

विरोधाची तयारी मात्र बैठकीच्या आधी करावी. ज्यांची हरकत असेल असे वाटते त्यांना एकदोन दिवस आधी भेटून, “यात आपल्याला काय खटकते?” असे मोकळेपणाने विचारावे. त्यांची अडचण बैठकीत आपण स्वतःच, त्यांना मान्य होईल अशा शब्दांत मांडली आणि तिच्यावर काय करणार हे सांगितले, तर विरोधाची धार पुष्कळ कमी होते. अडचण खरी असेल तर प्रस्तावच बदलावा. मीही माझ्या प्रस्तावातली सहा महिन्यांची मुदत अशाच एका भेटीनंतर दोन महिन्यांवर आणली होती आणि तो त्यामुळेच मंजूर झाला.

शेवटी, वीस मिनिटांच्या भाषणाची दोन मिनिटांची आवृत्तीही नेहमी तयार ठेवावी, कारण आधीचे विषय लांबतात आणि “थोडक्यात सांगा” असे ऐकायची वेळ केव्हाही येते. त्या दोन मिनिटांत कागदावरचे ते एक वाक्य, ती एक तुलना आणि सर्वांत मोठ्या हरकतीचे उत्तर एवढे सहज बसते.