तुला सावरणं हे त्याचं काम नाही

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. तुझे दादा-वहिनी फेब्रुवारीत अपघातात गेले, त्याबद्दल इथं काही लिहीत नाही. तेव्हा घरी येऊन गेलो, बोलायचं ते बोललो, आणि तेही अपुरंच होतं. आता मुद्द्याचं.

तू विचारतोयस, दादाचं तासगावचं पुस्तकांचं दुकान विकून पुण्याच्या नोकरीवर परत जाऊ, की दुकान धरून राहू आणि पुतण्याला विट्याहून, त्याच्या मावशीकडून, घरी आणू. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. पण शेवटी तू एक ओळ लिहिलीस आणि माझं डोकं फिरलं. ‘त्याला आणलं की मीही सावरेन काका, तुमचं झालं तसं.’

हे तुला कुणी सांगितलं ते मला माहीत आहे. इथं सांगलीत हरभट रोडवरचा जो तो हेच सांगतो. बायको गेली, पुरात दुकान गेलं, माणूस संपला होता, मग भाची आली आणि देवानं त्याला पुन्हा उभं केलं. लग्नकार्यात मला पुढं करून पाहुण्यांना ही कथा ऐकवतात. पोरगी शेजारी ताट घेऊन उभी असते, ऐकत असते. एकदा घरी आल्यावर तिनं विचारलं, ‘मामा, मी आले नसते तर तू मेला असतास का?’ नऊ वर्षांची होती तेव्हा. बघ, लोकांच्या कौतुकानं तिच्या डोक्यावर काय ओझं ठेवलं होतं.

म्हणून आधीच सांगतो. तुला सावरणं हे त्या पोराचं काम नाही. तो पाच वर्षांचा आहे. त्याचे आई-बाप गेलेत. तुझा भाऊ गेला हे खरं, पण तुझं दुःख वाहायला तो घरी येत नाहीये.

माझं काय झालं ते नीट ऐक, कारण तू अर्धवट ऐकलंयस. तुझी काकू २०१८ ला गेली. पुढच्या ऑगस्टमध्ये कृष्णा आली. सांगलीत आम्ही सगळे २००५ च्या पुराच्या खुणेवर विसंबून होतो. त्या खुणेच्या वर माल ठेवला की निर्धास्त. मीही तसाच ठेवला होता, आणि काकू गेल्यामुळं माझं लक्ष उडालं होतं म्हणून दुकान बुडालं असं जे बोलतात ते साफ खोटं आहे. आयर्विन पुलाजवळ ४५ फुटांना धोक्याची पातळी धरतात. त्या वर्षी पाणी ५७ फुटांवर गेलं. माझ्यापेक्षा शहाणे, बायकामुलांत सुखी असलेले व्यापारीही बुडाले.

पाणी ओसरल्यावर आत गेलो तेव्हा पुस्तकं फुगून फळ्यांत अशी आवळली होती की एकेक पहारीनं काढावं लागलं. गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तकं वाळली की त्यांची वीट होते. पान सोडवायला गेलं तर चित्राचा थरच सोलून हातात येतो. साध्या कागदाचं पुस्तक वाचतं, पण त्याला दर आठ-दहा पानांत कोरा कागद घालायचा, पंख्याखाली उभं करायचं, उन्हात न्यायचं नाही. एवढी उस्तवारी मी फक्त उधारीच्या वहीची केली. काकू बॉलपेननं लिहायची म्हणून अक्षर टिकलं. नावं ती लिहायची नाही. ‘लाल स्कूटर, १४०.’ ‘जुळ्यांची आई, दोन व्याकरण.’ ‘खोकणारे सर, पुढच्या पगाराला.’ यातली निम्मी माणसं कोण हे तिलाच ठाऊक, त्यामुळं ती उधारी बुडाली ती बुडालीच.

ती वही कपाटात कुलपात आहे. पोरीनं मागितली होती, मागची कोरी पानं चित्रांना हवी होती. मी दिली नाही. बहिणीबहिणींनी यावरून मला खूप सुनावलं, मेलेल्या माणसाची वही जिवंत पोरीपेक्षा मोठी झाली का म्हणून. झाली नाही. पण ते दुःख माझं आहे, त्यात तिला वाटा कशाला? तिला तिचं पुरेसं आहे. तिला नवीन वही आणून दिली, शंभर पानी. अजूनही मला ते बरोबरच वाटतं.

२०२१ च्या एप्रिल-मे मध्ये धाकटी बहीण आणि तिचा नवरा दोघंही कोरोनानं गेले. पोरगी सात वर्षांची. तिच्या बापाच्या बाजूला सांभाळणारं कुणी नव्हतं, आमच्या बाजूला प्रत्येकाची काही ना काही अडचण होती. मी एकटा, दुकान अर्धं बंद, त्यामुळं माझीच अडचण कुणाला दिसेना. अशी ती आली. देवानं वगैरे पाठवली नाही. पुढं राज्य सरकारनं अशा मुलांच्या नावे ५ लाखांची ठेव जाहीर केली, केंद्राचीही १० लाखांची योजना आली, तेव्हा मात्र तिच्यावर माया करणारी माणसं एकाएकी वाढली. तुझ्याकडेही वाढतील, बघ. त्याचं खाली लिहितो.

जुलैत पुन्हा पूर आला, ५५ फुटांच्या आसपास. त्या रात्री मी सगळं दुकान समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर चढवलं. गोष्टीत सांगतात की पोरगी माझ्याबरोबर गठ्ठे उचलत होती. खोटं. ती शेजारच्या काकूंकडे झोपली होती आणि सकाळी पोहे खात बसली होती. मी माल उचलला कारण वितरकाचं बिल थकलं होतं, शाळेची फी भरायची होती, आणि दुकान बुडालं असतं तर तिला घेऊन कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागलं असतं. सावरलो म्हणतात ते हे. कामाला लागलो. तिनं काही केलं नाही, तिनं करायचंही नव्हतं.

आता तुझा पुतण्या आला की काय होईल ते सांगतो. तो रडणार नाही. तू रडशील आणि तो तुझ्याकडे टकामका बघेल आणि बिस्कीट मागेल. मग तीन महिन्यांनी डब्यात भेंडी दिली म्हणून तासभर आकांत करेल, तेव्हा समज की ते भेंडीचं नाही. रात्री अंथरूण ओलं करेल. चादर बदल, चकार शब्द बोलू नकोस. आई कुठं गेली विचारेल तेव्हा ‘देवाघरी’ म्हणून मोकळा होऊ नकोस, नाहीतर तो परतीची गाडी विचारेल. अपघात झाला, त्यात दोघं मेले, आता येणार नाहीत, आणि तू इथंच राहणार आहेस, एवढं सांग. दर वेळी तेच सांग. आणि तुला हुंदका येत असेल तर मागच्या खोलीत जा, नाहीतर मला फोन कर. त्याच्या मांडीवर डोकं ठेवू नकोस. तुला सावरणं हे त्याचं काम नाही, हे मी या पत्रात आणखी लिहिणार आहे, कंटाळलास तरी वाच.

दुकान विकायचं म्हणतोस. कसं विकणार? दुकान दादाच्या नावावर होतं. वहिनीही गेली. दादाचे पहिले वारस दोन, त्याचा मुलगा आणि तुझी आई. तुझं नाव त्यात कुठंच नाही. इतके महिने तू या प्रश्नावर झोप घालवतोयस आणि ही साधी गोष्ट तुला कुणी सांगितली नाही? अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा वाटा कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकालाही विकता येत नाही, आणि तू तर अजून कागदोपत्री पालकही नाहीस. काका असणं वेगळं. १८९० चा जुना पालकत्वाचा कायदा आहे, त्याखाली अर्ज कर. कोर्ट मुलाचं हित कशात आहे ते बघतं, मावशीचंही म्हणणं ऐकेल. तिला आधी भेट, तिच्याशी भांडून अर्ज करू नकोस.

दुसरं, अपघाताचा दावा. कायद्यात आता सहा महिन्यांची मुदत घातली आहे. फेब्रुवारीपासून मोज. ऑगस्ट लांब नाही, याच आठवड्यात वकील गाठ. भरपाई मिळाली तर पोराच्या वाट्याची रक्कम सहसा तो सज्ञान होईपर्यंत बँकेत ठेव म्हणून ठेवायला सांगतात. सांगू देत. तेव्हा कुणी म्हणेल, यातून दुकानाला रंग काढू, नवीन कपाटं करू, शेवटी त्याच्याच भल्यासाठी. त्या माणसाला चहा पाजून घालव. दुकान चालवायला त्याचा पैसा लागत असेल तर तू दुकान चालवत नाहीस, तो चालवतोय. बालसंगोपन योजनेचे महिन्याला २,२५० रुपये मिळतात, त्याचाही अर्ज कर, लाज वाटून घेऊ नकोस.

दत्तकाचं घाईनं ठरवू नकोस. हिंदू दत्तक कायद्यानं तुला, अविवाहितालाही, पुतण्या दत्तक घेता येतो. पण रीतसर झालेलं दत्तक मग मोडता येत नाही. मी भाचीला दत्तक घेतलं नाही, पालकत्वाचा हुकूम घेतला. पुरुषाला मुलगी दत्तक घ्यायची तर दोघांत २१ वर्षांचं अंतर लागतं, ते आमच्यात भरपूर आहे, त्यामुळं कायद्याची अडचण नव्हती. मला नको होतं. तिला तिच्या बापाचं नाव आहे, आडनाव आहे. तो मेला म्हणून ते पुसून माझं लावायचं? शाळेच्या फॉर्मवर ‘पालकाशी नाते’ या रकान्यात मी ‘मामा’ लिहितो. ती मला मामाच म्हणते. बाबा म्हणायला शिकव, तिला बरं वाटेल, असं एका शिक्षिकेनं सुचवलं होतं. बरं कुणाला वाटणार होतं ते मला चांगलं कळलं, आणि मी नाही म्हटलं. लोक म्हणतात, जबाबदारी अर्धवट ठेवली. म्हणू देत. रात्री ताप आला की कोण उठतं ते तिला माहीत आहे.

दुसऱ्या लग्नाचंही तेच. ‘पोरीला आई मिळेल’ म्हणून स्थळं आणली. पोरीसाठी बायको आणायची म्हणजे त्या बाईवरही अन्याय. तुझं जे ठरलेलं आहे ते तू मात्र मोडू नकोस. त्या मुलीला सगळं स्पष्ट सांग, पुतण्या घरात असणार, कायमचा. ती नाही म्हणाली तर वाईट वाटेल, पण पोराला वाटू देऊ नकोस की त्याच्यामुळं.

दुकानाचं. आई म्हणते तसं ते ‘दादाची आठवण’ म्हणून चालवायचं असेल तर आजच बंद कर, परवानग्या काढ, विक. आठवणीवर धंदा होत नाही. चालवायचं असेल तर हिशेब नव्यानं मांड. तुमचा गल्ला गाइडांवर आणि जूनमधल्या पाठ्यपुस्तकांवर चालतो, माझाही तसाच होता. पहिलीचं पुस्तक २०२५ ला बदललं, पुढच्या इयत्तांचंही तेच होणार. जुनी गाइडं रद्दीच्या भावानं जातील, तेव्हा वितरकाकडे परत जाणारा माल आत्ताच वेगळा काढ. ग्रामीण वाचनालयांची खरेदी अनुदान आलं की मार्चच्या तोंडावर होते आणि पैसे त्यांच्या सवडीनं येतात. दादानं कुणाकुणाला किती दिलंय ते बिलबुकात बघ. मागायला लाजू नकोस.

मुलांच्या पुस्तकांचं कपाट मी ठेवलं ते भाचीमुळं, हे कबूल. शाळेतून येऊन दुकानातच बसायची, गठ्ठ्यावर, रात्री साडेआठपर्यंत. त्यावरूनही मला बोलणी बसली. पोरीला काय फुटपाथवर वाढवतोस? फुटपाथ नाही, दुकान आहे, वर पंखा आहे, आणि घरी कोण होतं? माझ्याकडची बोधकथांची पुस्तकं दोन पानांत बाजूला ठेवायची. ‘यात शेवटी सगळे शहाणेच होतात.’ मग ती जी पुस्तकं सोडत नव्हती ती मागवायला लागलो, ‘किशोर’चे अंक मागवले, जुने अंक इंटरनेटवर फुकट आहेत ते तिनंच शोधले. आता शनिवारी दुपारी पेट्या घेऊन आसपासच्या जिल्हा परिषद शाळांत जातो. नफा बेताचा. एखादं पोरगं दहा रुपये कमी आहेत म्हणून पुस्तक परत ठेवतं आणि पुढच्या खेपेला धावत येतं, तेव्हा मला काकूची उधारीची वही आठवते आणि मी नवी वही उघडतो. पेटी उचलायला उत्साह असतो माझ्यात, पूर्वी कधी नव्हता इतका. हे मी नाकारत नाही. पण भाचीला मी हे कधी ऐकवलेलं नाही. शनिवारी तिला कबड्डी असते, ती बहुतेक येतही नाही. यायलाच हवं असं नाही.

तुझ्या पुतण्याला कदाचित पुस्तकं आवडणारच नाहीत. ट्रॅक्टर आवडतील. आवडू देत. दादाचा वारसा, घराण्याचं दुकान, असलं काही त्याच्या कानावर घालू नकोस. तुला सावरणं हे त्याचं काम नाही, दुकान तगवणं तर मुळीच नाही. दोन्ही तुझी कामं, आणि जमत नसतील तर विट्याला मावशीकडे तो सुखात असेल, हेही मोकळ्या मनानं बघून ये. तिच्या घरी राहूनच बघ दोन दिवस. तो तिथं रुळला असेल तर त्याला उचलून आणायचा हट्ट कुणासाठी? हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, माझ्यापुढं पर्यायच नव्हता. तुझ्यापुढं आहे.

वकिलाकडे जाताना दोघांचे मृत्यूदाखले, पोराचा जन्मदाखला, एफआयआर आणि पंचनाम्याच्या प्रती, दुकानाचा उतारा, आईचं आधार घेऊन जा. झेरॉक्स जास्त काढून ठेव. आईला हे पत्र वाचून दाखवू नकोस, त्या रागावतील. परत पाठवायच्या गाइडांची यादी मला फोटो काढून पाठव, माझ्या वितरकाकडून काही होतंय का विचारतो. रविवार सोडून कधीही फोन कर. रविवारी पोरीची मॅच आहे, मिरजेला.

तुझा काका