कॉलेजचं आवार घडवताना: आधी पाण्याचा उतार, मग झाडं

आमच्या नव्या इमारतीचं बांधकाम संपत आलंय. आता लँडस्केप आर्किटेक्ट नेमायचा विचार आहे. वेळ योग्य आहे ना?
(विश्वस्त, विलेपार्ले)

उशीर झालाय. लँडस्केप आर्किटेक्ट म्हणजे शेवटी येऊन हिरवळ पसरवणारा, ही समजूत आधी सोडायला हवी. त्याचं खरं काम जोत्याची पातळी ठरण्याआधीचं असतं: जमिनीचे चढउतार, प्रत्येक झाडाची जात आणि खोडाचा घेर, नाल्याच्या तळाची पातळी, पावसाळ्यात पाणी साचतं त्या जागा. हे कागदावर आल्याशिवाय इमारत कुठे बसवायची ते ठरवू नये.

एक उदाहरण घ्या. जोतं बाहेरच्या जमिनीपेक्षा ६० सेंटिमीटर वर असेल, तर १:१२ उताराच्या रॅम्पला ७.२ मीटर लांबी लागते, वर-खाली वळायला सपाट जागा वेगळी. दारासमोर तेवढी जागा ठेवलेली नसली की रॅम्प जातो मागच्या बाजूला, कँटीनच्या कचराकुंडीशेजारी. सुरुवातीलाच विचार झाला असता, तर १२ मीटरच्या १:२० उताराच्या साध्या वाटेने सगळेच एका दारातून आत आले असते.

तरी आता दोन गोष्टी हातात आहेत. बाहेरच्या फरसबंदीची पातळी अजून ठरवता येईल. आणि कंत्राटदाराला रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, जागेवर पुरू देऊ नका. त्यातल्या सिमेंट-चुन्याने माती अल्कधर्मी होते, झाडाला लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. मग खत घालूनही फरक पडत नाही. जिथे लागवड होणार आहे तिथला वरचा किमान ६० सेंटिमीटरचा भराव काढून चांगली माती भरून घ्या. झाडांच्या खड्ड्यांत १ मीटर खोलीपर्यंत.

जुलैत पटांगणात घोटाभर पाणी असतं. शोषखड्डे घ्या, असा सल्ला मिळालाय. घ्यावेत का?
(प्राचार्या, कुर्ला)

आधी हिशेब करू. तासाला ५० मिलिमीटर पाऊस धरा. १ एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. त्यातला बहुतेक भाग छप्पर आणि काँक्रीट असेल, तर ९० टक्के पाणी वाहून येतं. म्हणजे एका तासात १८२ घनमीटर, अर्थात १० हजार लिटरचे १८ टँकर! हे पाणी नाल्यात सोडायचं म्हटलं, तर मुंबईत भरतीच्या वेळी नालाच समुद्रात नीट रिकामा होत नाही. म्हणून आवाराने ते पाणी काही तास स्वतःजवळ ठेवलं पाहिजे.

शोषखड्डा इथे अपुरा पडतो. कुर्ल्यासारख्या सखल भागात जुलैत भूजल इतकं वर असतं की खड्डा खालूनच भरलेला असतो. त्यापेक्षा मैदानाचा ३० बाय ३० मीटरचा भाग २० सेंटिमीटर खोल करा. त्यात १८० घनमीटर पाणी मावतं. कडेला सौम्य उतार द्या, पाणी बाहेर जायला छोटं नियंत्रित तोंड ठेवा आणि तोंडाआधी गाळ अडवणारा चेंबर बांधा. पाणी २४ तासांत निघून गेलंच पाहिजे, नाहीतर डासांना आमंत्रण. ऑक्टोबर ते मे हीच जागा खेळायला मोकळी.

दरवेळी फसतं ते इथे: गटारांवरच्या जाळ्या फक्त मे अखेरीस साफ होतात. जूनच्या पहिल्या वादळात पानं पडून त्या पुन्हा बुजतात. पावसाळाभर दर आठवड्याला जाळ्या बघायचं काम एका माणसाच्या नावावर लिहून द्या.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढ्यासाठी कुठलंच आवार बांधता येत नाही. पण अशा दिवशी पाणी वर्गांत किंवा विजेच्या खोलीत न शिरता कुठून वाहील, ती वाट आराखड्यात दाखवलेली हवी. दुसऱ्या संस्थेचा आराखडा उचलूही नका. मुंबईची आयआयटी पवई आणि विहार या दोन तलावांच्या मध्ये आहे, मुंबई विद्यापीठाचं कालिन्याचं आवार, विद्यानगरी, मिठी नदीजवळच्या सखल पट्ट्यात. पाणी दोन्हीकडे वेगळं वागतं.

पेव्हर ब्लॉक थेट बुंध्यापर्यंत आहेत. ओळीतला एक जुना पर्जन्यवृक्ष कललाय. काय करावं?
(प्राध्यापक, चेंबूर)

कललेल्या बाजूच्या विरुद्ध जमिनीला भेग दिसते का, बुंध्याशी अळंबी उगवली आहे का, हे आजच बघा. दोन्हींपैकी एक जरी असेल, तर खाली गाड्या आणि माणसं थांबणं बंद करा, जाणकाराकडून झाड तपासून घ्या आणि महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला कळवा. छाटायचं किंवा काढायचं असेल, तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष मानलं जातं.

बाकीच्या झाडांभोवतीचे ब्लॉक किमान १ मीटरपर्यंत, जमल्यास त्याहून दूरपर्यंत, हाताने काढा. जेसीबी नको. पाणी आणि हवा घेणारी बहुतेक मुळं वरच्या ६० सेंटिमीटरमध्येच, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. केबलसाठी चर खणताना तीच तुटतात आणि पुढच्या वादळात झाड आडवं होतं. मोकळ्या मातीवर ७ ते १० सेंटिमीटर पालापाचोळा पसरा, पण खोडाला टेकू देऊ नका.

मुलं हिरवळ तुडवतात. कुंपण घालावं का?
(अधीक्षक, दादर)

नको. पायवाट पडली तिथेच १.८ मीटर रुंद पक्की वाट करा. आणि हिरवळच कमी करा. उन्हाळ्यात तिला चौरस मीटरला रोज ४-५ लिटर पाणी लागतं, म्हणजे एकराला १६ ते २० हजार लिटर. त्या जागी करंज, बकुळ, ताम्हण, बहावा लावून खाली बसायला कट्टे केले, तर मुलं दुपारीही थांबतील.

पार्किंगच्या स्लॅबवर बाग करायची आहे. झाडं जगतील?
(प्रकल्प समिती सदस्य, मुलुंड)

माती पुरेशी असेल तर जगतील. गवताला ३० सेंटिमीटर, झुडपांना ६०, मध्यम झाडाला किमान १.२ मीटर. भिजलेल्या मातीचं वजन घनमीटरला २ टनांच्या आसपास, म्हणजे १.२ मीटर मातीचा भार चौरस मीटरला सुमारे २.४ टन. स्ट्रक्चरल इंजिनिअरने तो धरलाय का, हे लेखी घ्या. नसेल धरला, तर कुंड्यांतली झुडपंच बरी. जलरोधक थरावर मुळं अडवणारा पडदा हवा, त्यावर निचऱ्याचा थर, आणि लागवडीआधी स्लॅबवर ४८ तास पाणी तुंबवून गळती तपासायला हवी. माती पडल्यावर सापडलेली गळती काढायला सगळी बाग उचलावी लागते.

लँडस्केप आर्किटेक्टशी करार करताना साइटवरच्या भेटी आणि निदान दोन पावसाळ्यांची पाहणी त्यात लिहून घ्या. सोबत माळ्यासाठी मराठीत, महिन्यावार कामांची देखभाल पुस्तिका मागा: पाणी किती, छाटणी कधी, खत कोणतं, मेलेलं झाड कोण बदलणार.