कोणी रडत नाही, तरी उदास का वाटतं?

प्रश्न: युक्रेनच्या सुरुवातीच्या मॉडर्न पेंटिंगचे फोटो बघत होते, कोणीच रडताना दिसत नाही तरी मन जड होतं, असं का हो?

उत्तर: बरोबर पकडलंत! फेदिर क्रिचेव्स्कीचं 'जीवन' बघा, १९२५-२७ मधलं, तीन भाग आहेत, प्रेम, कुटुंब आणि परतणं. तिसऱ्यात माणूस युद्धावरून घरी आलाय पण एक पाय लाकडाचा, आणि चित्रकार त्याचा तमाशा करत नाही, ऑस्ट्रियन चित्रकार क्लिम्टसारखे सपाट रंग, लांब वळणदार रेषा, चर्चमधल्या जुन्या आयकॉनसारखा, म्हणजे संतांच्या पवित्र चित्रांसारखा ठेहराव, म्हणजे दुःख चेहऱ्यापेक्षा अंगाच्या ठेवणीत जास्त दिसतं, मला तर हेच मनाला जास्त लागतं.

व्सेवोलोद माक्सिमोविच वेगळा, १९१३ च्या सेल्फ पोर्ट्रेटमध्ये मोरपिसांचा नुसता थाट, पण सजावट इतकी दाट की माणूस आत एकटाच पडल्यासारखा वाटतो. तो १९१४ मध्ये गेला, वय जेमतेम २०. आता हे माहीत असल्यामुळे आपण ती उदासी मागाहून चिकटवतो का? थोडी चिकटवतोच, खरं सांगायचं तर. म्हणून आधी चित्र बघा, चरित्र नंतर वाचा.