साइडबोर्ड घेताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, समोरून बघू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोन साइडबोर्ड (जेवणाच्या खोलीत भिंतीलगत ठेवायचं, ड्रॉवर-कप्प्यांचं लांब कपाट) मनात भरलेत. एक महोगनीचा, सहा पायांचा, पुढून किंचित फुगीर. विकणारा म्हणतो १७९० च्या आसपासचा. दुसरा १९६० च्या दशकातला, सागवानी, बुटका, सरकत्या दारांचा. जेवणाची खोली बेताची आहे. घ्यावा कोणता, आणि घरी आणल्यावर जुनं पॉलिश खरवडून नवं करून घ्यावं का?

पॉलिशचं उत्तर एका शब्दाचं आहे: नको. का ते पुढे येईलच.

तुम्ही टाकलेले चारही फोटो समोरून काढलेले आहेत. समोरून साइडबोर्डचं वय कळत नाही, कारण सगळ्यात जास्त फेरफार तिथेच झालेले असतात. मुठी बदलतात, नक्षी मागाहून बसवली जाते, पाय बदलतात. परत जा, एक ड्रॉवर पूर्ण बाहेर काढा, उलटा करा आणि टॉर्च घेऊन खाली आडवे व्हा. विकणारा कुरकुरला तर तेही एक उत्तरच समजा.

ड्रॉवरच्या कोपऱ्यातले डव्हटेल सांधे, म्हणजे एकमेकांत अडकणाऱ्या पसरट दातांचे सांधे, बघा. हाताने कापलेले असतील तर थोडे वाकडेतिकडे असतात, दोन दात एकसारखे नसतात. यंत्राचे सगळे एका मापाचे. तळाच्या फळीवर करवतीचे वळणदार, कमानीसारखे ओरखडे दिसले तर ती फळी गोल करवतीने कापलेली आहे, आणि ती करवत १९व्या शतकात रूढ झाली. स्क्रूही काढून बघा. १८४० च्या दशकाआधीच्या स्क्रूंना टोक नसायचं, बोथट असायचे, खाचही बरेचदा मधोमध नसायची. पण एका नव्या स्क्रूवरून निकाल देऊ नका, दुरुस्ती कुणीही केलेली असू शकते. ड्रॉवरच्या दर्शनी फळीची आतली बाजू मात्र बघाच. तिथे बुजवलेली जास्तीची भोकं असतील, तर आत्ताच्या मुठी पहिल्या नाहीत.

आता पाय. या घाटाच्या अस्सल नगात पुढचा पाय खालून वर सांगाड्याच्या कोपऱ्यापर्यंत सलग एकाच लाकडाचा असतो. सांगाड्याच्या लगेच खाली सांधा दिसला, तर पाय नंतर बसवलेत. हे बरंच होत आलंय: १८०० नंतरचे कातीव, गोल पाय काढून निमुळते चौकोनी बसवायचे, की वस्तू वीस वर्षांनी म्हातारी होते.

पायांखेरीज या साइडबोर्डची मागूनही काटछाट होत आली आहे. ती का, हे समजायला थोडा मागचा इतिहास लागतो. साइडबोर्ड म्हणजे आधी नुसतं भिंतीलगतचं वाढपाचं टेबल, ड्रॉवर नाही, कपाट नाही. १७६० च्या दशकात रॉबर्ट अॅडम या स्कॉटिश वास्तुकाराने त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना चौथरे आणि त्यांवर कलश उभे केले. एका चौथऱ्यात धातूचं अस्तर लावून ताटं गरम ठेवायची सोय, कलशात पाणी. वाडे मोठे होते, भिंती लांब होत्या, चालून गेलं. मग कारागिरांनी हे सगळं एकाच सांगाड्यात आणलं: मधे ड्रॉवर, दोन्ही बाजूंना खोल कप्पे, त्यातला एक बाटल्यांसाठी, शिशाचं अस्तर लावलेला. जॉर्ज हेपलव्हाइटच्या १७८८ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर छापल्या गेलेल्या नमुन्यांत हा घाट दिसतो. पण तरीही ही वस्तू मोठ्या दालनाची. पुढून मागे ६० ते ७० सेंटीमीटर सहज. पुढच्या पिढ्यांच्या खोल्या लहान झाल्या आणि लोकांनी सरळ मागून करवत चालवली.

मी यात स्वतः फसले आहे. पहिला साइडबोर्ड घेतला तेव्हा ड्रॉवरच्या पुढचे सांधे बघितले, सुरेख जुने, आणि खूश होऊन पैसे मोजले. मागचे सांधे घरी आल्यावर बघितले. ते नवे होते, कारण साइडबोर्ड मागून कापताना ड्रॉवरही मागून कापून पुन्हा जोडले होते. म्हणून पुढचे आणि मागचे सांधे शेजारीशेजारी ताडून बघा. वरच्या फळीच्या मागच्या कडेलाही बघा: जुन्या नगांवर तिथे पितळी दांडी असायची, तिला पडदा लावून भिंतीवरचे शिंतोडे अडवायचे. दांडी बहुतेकदा हरवलेली असते, पण तिची बुजवलेली भोकं राहतात. भोकं मूळ जागी असतील तर निदान वरची फळी मागून कापलेली नाही.

आणखी एक शक्यता आहे, आणि तुमच्या फोटोंवरून मला तीच जास्त वाटते. १९व्या शतकाच्या शेवटी आणि २०व्याच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये या जुन्या घाटाची पुन्हा लाट आली आणि हुबेहूब, उत्तम कामाचे साइडबोर्ड भरपूर बनले. ते खोटे नव्हेत. शंभर वर्षं उलटल्यामुळे व्यवहारात तेही अँटिकच. फक्त ‘१७९० चा’ आणि ‘१७९० च्या घाटाचा’ यांची किंमत एक नसते, तेवढं विकणाऱ्याला नम्रपणे सांगा.

सागवानी नगाकडे वळू. युद्धानंतर डेन्मार्कमध्ये हा बुटका, लांब घाट बहरला, ब्रिटनमध्येही जी-प्लॅनसारख्या फर्निचर ब्रँडच्या नावांनी (ते १९५३ साली आलं) खूप खपला. ‘सागवानी’ म्हणजे बहुतेक वेळा सागाचं व्हिनिअर (वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ पापुद्रा), आत प्लायवूड किंवा पार्टिकल बोर्ड (लाकडाचा चुरा दाबून केलेली फळी). त्यात वाईट काही नाही, पण पार्टिकल बोर्डात पाणी शिरलं की तो फुगतो आणि पुन्हा बसत नाही. तळाच्या कडा आणि पायांजवळचे स्क्रू चाचपा. मागच्या पातळ फळीला कुणी वायरींसाठी भगदाड पाडलंय का तेही बघा, हल्ली हा अत्याचार फार दिसतो. सागाऐवजी ब्राझिलियन शिसवी निघाली, तर परदेशातून मागवण्याआधी कागदपत्रांचं बघा: १९९२ पासून त्या लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत.

पॉलिश. १९६० च्या दशकातलं व्हिनिअर कागदासारखं पातळ, मिलिमीटरपेक्षाही कमी. सँडरचा, म्हणजे घासायच्या यंत्राचा, एक जादा फेरा आणि खालचा बोर्ड वर. जुनं, करवतीने कापलेलं व्हिनिअर जाड असतं, पण तिथे तुम्ही घासून काढता तो दोन शतकांच्या उजेडाने आणि हातांनी आलेला रंग, जो डब्यात मिळत नाही. लपलेल्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा फिरवा. चिकट झालं तर चपड्याचं (लाखेचं) पॉलिश आहे, जुन्यावरच नवा हात देता येतो. नाहीतर साफ करून मेण लावा, बस. उचकटलेलं जुनं व्हिनिअर सरसाचं असेल तर ओलसर फडक्यावरून कोमट इस्त्री फिरवून पुन्हा बसतं. नव्या गोंदांना ही युक्ती लागू पडत नाही.

किडीची भोकं दिसली तर घाबरू नका, आतून फिकी आहेत का आणि खाली ताजं पीठ पडतंय का बघा. दोन्ही असेल तर कीड जिवंत आहे, उपचार केल्याशिवाय घरात आणू नका. आणि शिशाचं अस्तर असलेल्या कप्प्यात खाण्यापिण्याचं काहीही ठेवू नका.

तुमच्या खोलीपुरतं म्हणाल तर टेप काढा. टेबलाच्या कडेपासून साइडबोर्डपर्यंत ९० सेंटीमीटर तरी हवेत, नाहीतर कुणी बसलेलं असताना मागून जाता येणार नाही. सागवानी नग साधारण ४५ सेंटीमीटर खोल, दारं सरकती, उघडायला जागा लागत नाही. बेताच्या खोलीत मी तोच घेईन. महोगनीवर जीव जडलाच असेल तर एका ड्रॉवरच्या पुढच्या आणि मागच्या कोपऱ्यांचे, आणि पाय सांगाड्याला मिळतो तिथला, असे तीन फोटो टाका. १७९० चं मग बघू.