शंभर रुपयांची कात्री

प्रश्न : आमचं चपलांचं काम, सुभाषनगरात. पेपरात वाचलं, लाखो कोटींच्या बजेटवर एका खासदारानं ‘१०० रुपये कमी करा’ अशी सूचना दिली. ही काय थट्टा आहे काय?
– एक कारागीर, कोल्हापूर

उत्तर : थट्टा न्हवं, दादा! नागरिकशास्त्र शिकवताना वर्गातही हाच प्रश्न यायचा आणि पोरं खो-खो हसायची.

लोकसभेत प्रत्येक मंत्रालयाची ‘अनुदानाची मागणी’ येते, म्हणजे वर्षाच्या खर्चाला एवढे पैसे मंजूर करा असं मागणं. खासदाराला ती रक्कम वाढवता येत नाही, कमी करा म्हणता येतं. म्हणजे कातड्याच्या भावावरून किंवा चपलेवरच्या जीएसटीवरून सरकारला धरायचं, तर संबंधित मंत्रालयाच्या मागणीत १०० रुपयांची कपात सुचवायची. पैसा निमित्त, गाऱ्हाणं खरं. अख्खं धोरणच नापसंत असेल तर ‘मागणी १ रुपया करा’ म्हणायचं. तिसऱ्या प्रकारात मात्र खरीखुरी रक्कम छाटायला सांगतात.

सूचना मंजूर झालीच, तर सरकारकडं बहुमत उरलं नाही असा अर्थ निघतो. म्हणून ती बहुतेक पडतेच. मतदानाच्या वेळी पक्षाचा व्हिप, म्हणजे ‘असंच मत द्या’ असा आदेश असतो, तिथं कोण हलणार?

माझी तक्रार वेगळीच आहे. ठरलेली वेळ संपली की अध्यक्ष उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकतात. त्याला ‘गिलोटिन’ म्हणतात. 2018 साली तर सगळ्याच मंत्रालयांच्या मागण्या अशा चर्चेविना गेल्या. तुमच्या शंभर रुपयांवर बोलायला वेळच कुठं उरला?