कंपनीचे दोन-तीनशे करार एका डिजिटल जागी कसे आणावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साठ-सत्तर माणसांची कंपनी आहे, करार काही कपाटात, काही मालकांच्या ईमेलात, काही सीएंच्या ऑफिसात. सगळं एका सिस्टिममध्ये आणायचंय, तर कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

सॉफ्टवेअरचं शेवटी सांगतो. मी भोसरीत मशीनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात अकाउंट्स आणि ॲडमिन बघतो, म्हणजे जे काम कुणाचंच नसतं ते माझं. वकील नाही, त्यामुळे खाली कायद्याचं जे आलंय ते तुमच्या वकिलांना एकदा दाखवून घ्या.

आमच्याकडे या सगळ्याची सुरुवात एका कॉम्प्रेसरने केली. जुना कॉम्प्रेसर विकायचं ठरलं होतं, गिऱ्हाईकही मिळालं होतं. त्याची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, ३१ मार्चला संपत होती, म्हणून सगळे निवांत. फेब्रुवारीच्या मध्यावर पुढच्या वर्षाचं बिल आलं, १ लाख ४० हजारांचं. फोन केला तर समोरचा अगदी शांतपणे म्हणाला, "सर, कलम ११ बघा." कलम ११ मध्ये लिहिलं होतं की मुदत संपायच्या ६० दिवस आधी लेखी नोटीस दिली नाही तर करार आपोआप एक वर्षाने वाढेल. म्हणजे आमची खरी तारीख ३१ मार्च नव्हतीच, ती होती ३० जानेवारी. आणि ती कुठेच लिहिलेली नव्हती. फाईलच्या पाठीवर स्केचपेनने मोठ्ठं "३१/३" लिहिलेलं. बरं, समोरच्याला दोष तरी कसा द्यायचा? खाली सही आमचीच.

म्हणून सांगतो, करार स्कॅन करून एका फोल्डरमध्ये टाकले म्हणजे सिस्टिम झाली असं होत नाही. तो फक्त कपाटाचा फोटो. सिस्टिम म्हणजे रजिस्टर: एक ओळ एक करार, आणि त्यात तारखा. आम्ही चार तारखा ठेवतो. सुरू कधी, संपतो कधी, दरवाढ कधी लागू होते, आणि नोटीस द्यायची शेवटची तारीख कोणती. ही चौथी तारीख करारात कुठेच सरळ छापलेली नसते, ती कलम वाचून मोजून काढावी लागते. सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात पैसे वाचवणारं काम तेच. बँक गॅरंटी असेल तर आणखी एक रकाना लागतो, कारण तिची मुदत संपण्याची तारीख आणि दावा करण्याची शेवटची तारीख या दोन वेगळ्या असतात. लोक हमखास एकीलाच दुसरी समजतात.

आता कागद गोळा करण्याचं. याला तुम्ही धरलाय त्याच्या तिप्पट वेळ लागेल. आम्ही दोघं होतो, रोजचं काम सांभाळून दीड महिना गेला. सुरुवात कपाटापासून करू नका, पेमेंटपासून करा. टॅलीतून गेल्या दोन वर्षांची पार्टीवार यादी काढा; ज्याला वारंवार पैसे जातात किंवा ज्याच्याकडून येतात, त्याच्याशी काहीतरी करार असलाच पाहिजे. तो सापडला नाही तर रजिस्टरात ओळ तरीही घालायची आणि पुढे "कागद नाही" लिहायचं. आमच्याकडे अशा २७ ओळी निघाल्या. त्यात आठ वर्षं कॅन्टीन चालवणारे काका होते, ज्यांच्याशी एका ओळीचाही करार नव्हता. पोहे मात्र उत्तम.

जो कागद सापडला तो पूर्ण आहे का, हे पान उलटून बघा. आमच्या गोदामाच्या करारात पान ६ नंतर थेट सह्यांचं पान होतं. परिशिष्ट अ, ज्यात दर होते, ते घरमालकाकडेच राहिलेलं. एका ट्रान्सपोर्टरबरोबरचा करार २०१९ चा होता, पण खरे दर ठरले होते व्हॉट्सॲपवर आलेल्या दरपत्रकाने आणि त्याखाली आमच्या साहेबांनी टाकलेल्या अंगठ्याने. तो स्क्रीनशॉटही आम्ही कराराच्या फोल्डरमध्ये ठेवला. मूळ करार, त्याच्या दुरुस्त्या, दरपत्रकं आणि ज्या ईमेलात अट बदलली तो ईमेल हे सगळं एका फोल्डरमध्ये, एका नंबराखाली पाहिजे. फाईलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग पार्टी. "फायनल", "फायनल २", "खरंच फायनल" ही नावं आजपासून बंद करा.

मराठी करारांसाठी एक खास अडचण आहे, ती कुठल्याच विक्रेत्याच्या डेमोत दिसत नाही. जुने करार वकिलांच्या टायपिस्टने श्रीलिपीसारख्या युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेले असतात. वर्डची ती फाईल तुमच्या कॉम्प्युटरवर उघडली की अगम्य चिन्हांची रांग दिसते. फॉन्ट टाकून वाचता आलं तरी त्यात "नोटीस" असं शोधलं तर काहीच सापडत नाही, कारण आतमध्ये तो शब्द मराठीत साठवलेलाच नसतो. आम्ही अशा फाईली कागदावर छापल्या, परत स्कॅन केल्या आणि ओसीआरमधून, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, काढल्या. गूगल ड्राइव्हचं ओसीआर छापील मराठी बऱ्यापैकी वाचतं, टेसरॅक्ट नावाचं ओसीआर फुकट आहे आणि त्यातही मराठी आहे. हाताने भरलेले आकडे आणि तारखा मात्र डोळ्यांनीच तपासायच्या. ३ चा २ झाला तर भाडं बदलतं.

मूळ कागदांचं काय? स्कॅन झालं म्हणून ते रद्दीत घालू नका. मुद्रांक कमी भरलेला दस्त कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. तो नंतर दंड भरून नियमित करायचा तर मूळ दस्तच लागतो, झेरॉक्स किंवा स्कॅनवर ते होत नाही. महाराष्ट्रात हा दंड फरकाच्या रकमेवर दरमहा २ टक्क्यांनी चढतो. म्हणून रजिस्टरात "मुद्रांक किती भरला" आणि "मूळ कागद कुठल्या कपाटात, कुठल्या खणात" असे दोन रकाने ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये १०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर होणारे साधे करार ५०० वर गेले. आमच्या टेबलाच्या खणात १०० चे पेपर पडून होते आणि त्यानंतरचे दोन करार सवयीने त्यांच्यावरच झाले होते. रजिस्टर केलं नसतं तर ते कळलंही नसतं. लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे जागा भाड्याने घेण्याचा करार, तर नोंदणीकृतच लागतो, १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५. त्याचा दस्त क्रमांक आणि इंडेक्स-टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, त्याच फोल्डरमध्ये.

यापुढचे करार ई-सहीने करता येतील. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने झालेला करार तेवढ्या कारणाने रद्दबातल ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०अ मध्ये स्पष्ट आहे. आधारवरची ई-सही आमच्या छोट्या पुरवठादारांनाही जमते, ओटीपी आला की झालं. पण ई-सही केली म्हणून मुद्रांक माफ होत नाही, हे विसरू नका. दुसरं, १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम, म्हणजे पुराव्याचा कायदा, लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली डिजिटल फाईल पुराव्यात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाईलचं हॅश मूल्य, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा फाईलचा जणू अंगठ्याचा ठसा, लिहावं लागतं. फाईलचं नाव बदललं तर हॅश बदलत नाही, पण कुणी पीडीएफ उघडून पिवळा हायलाइट मारून सेव्ह केलं की बदलतो. म्हणून सही झालेल्या प्रतींचा फोल्डर सगळ्यांना फक्त वाचण्यापुरता. हायलाइट मारायची हौस असेल तर वेगळी प्रत घ्या.

पुरवठादारांच्या करारांत आणखी एक रकाना पैसे वाचवतो: समोरचा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून सरकारच्या उद्यम पोर्टलवर नोंदणीकृत आहे का. एमएसएमईडी कायदा २००६, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे, लेखी करार असेल तर ठरलेल्या दिवसांत पैसे द्यायचे, जास्तीत जास्त ४५ दिवस. लेखी काही ठरलेलंच नसेल तर १५ दिवस. करारात ९० दिवस लिहून दोघांनी सह्या केल्या तरी ते ४५च धरायचे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कलम ४३ब(ह) आल्यापासून याला धार आली, कारण मुदत उलटून गेली आणि ३१ मार्चला रक्कम थकलेली असेल तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी धरायचा. त्या "कागद नाही"वाल्या २७ पैकी जे उद्यमवाले होते त्यांच्याशी आम्ही दोन पानी करार केले, सगळ्यात आधी. नुसता कागद नसल्यामुळे आमचे ३० दिवस जात होते.

आठवणीचं सांगतो. नोटिशीच्या तारखेच्या ४५ दिवस आधी आणि परत १५ दिवस आधी मेल जातो. तो कुणा एका माणसाला जात नाही, खात्याच्या मेलबॉक्सला जातो, आणि दोन जण तो बघतात. आमच्याकडे परचेसचा मुलगा नोकरी सोडून गेला, तेव्हा त्याच्या कॅलेंडरमधल्या सगळ्या आठवणीही त्याच्याबरोबर गेल्या होत्या. फाईलींचंही तसंच. त्या कुणाच्या वैयक्तिक ड्राइव्हवर नकोत. शेअर्ड ड्राइव्हवर ठेवल्या तर मालकी कंपनीची राहते. नोकरीचे करार वेगळ्या फोल्डरमध्ये, ते परचेसला दिसायचं कारण नाही. करारांना जोडलेल्या आधारच्या प्रतींवरचे पहिले आठ आकडे झाकून टाका. संपलेले करार "संपलेले" फोल्डरमध्ये हलवा, पुसू नका. करारातल्या पैशाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते आणि कंपनी कायद्यात हिशेबाची पुस्तकं ८ वर्षं ठेवावी लागतात, म्हणून आम्ही सरसकट ८ वर्षं धरली.

आता सॉफ्टवेअर. तुमच्या आकाराला पहिलं वर्ष एक शीट आणि एक शेअर्ड ड्राइव्ह पुरे. आमचं अजून त्यावरच चालतं, २१४ चालू करार. आयसर्टिससारखी सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्यांसाठी आहेत, जिथे एक करार पाच खात्यांच्या मंजुरीतून फिरतो. झोहो कॉन्ट्रॅक्ट्स किंवा स्पॉटड्राफ्टसारखं काही तेव्हा बघा, जेव्हा करार शोधण्याची नाही तर करार बनवण्याची तुमची अडचण होईल. म्हणजे मसुदा कुणाकडे अडकलाय, कुठली प्रत शेवटची, यात दिवस जायला लागले की. डेमोला बसलात तर विक्रेत्याच्या नमुन्यावर जाऊ नका. स्वतःचा एक तिरका स्कॅन झालेला मराठी करार पेनड्राइव्हवर न्या आणि म्हणा, यातली नोटिशीची मुदत शोधून दाखवा. आणि विचारा, दोन वर्षांनी आम्ही सोडून गेलो तर फाईलींबरोबर तारखांचे रकानेही एक्सेलमध्ये काढून मिळतील का. पहिल्या प्रश्नावर बरेच जण पाणी प्यायला उठतात.

आणि घेतलंतच, तर त्यांचा स्वतःचा करार आधी नीट वाचा. आमच्याकडे आलेल्या एका मसुद्यात आपोआप नूतनीकरणाचं कलम होतं, नोटीस ९० दिवसांची. आम्ही ती ३० करून मागितली आणि त्यांनी एका मेलवर करून दिली.