वासिव्हिएर तलावात पोहायचं असेल तर

ताई, तुम्ही विचारलंय की ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या लिमोजला लेकीकडे आल्यावर वासिव्हिएर तलावात किनाऱ्यावरून मधल्या बेटापर्यंत पोहत जाता येईल का. पुण्यात टँकमध्ये रोज दोन किलोमीटर पोहता म्हणजे दम भरपूर आहे. तरी पहिल्याच दिवशी बेटाकडे निघू नका, आणि एकट्या तर कधीच नको.

हा तलाव म्हणजे धरणाचा जलाशय. विजेसाठी १९५०च्या सुमारास मोल्द नदी अडवली आणि शेतं, घरं पाण्याखाली गेली. पसारा जवळजवळ हजार हेक्टरांचा, समुद्रसपाटीपासून उंची साधारण ६५० मीटर. आजूबाजूला दलदलीची जमीन असल्यामुळे पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी दिसतं. ते घाण नसतं, पण हात पुढे टाकला की बोटं धूसर होतात. टँकच्या तळाची रेघ बघत पोहणाऱ्याला याची आधी भीती वाटते, म्हणून पहिले दोन-तीन दिवस किनाऱ्याला समांतर, पाय टेकतील एवढ्याच पाण्यात पोहा. दर सहा-आठ हातांनी मान जराशी वर काढून समोरचं एखादं उंच झाड बघायचं, नाहीतर माणूस नकळत तिरका जातो.

खरी काळजी थंडीची. ऑगस्टमध्ये वरचा थर सुखद असतो, पण पाय खाली सोडले की एकदम गार पाणी लागतं. उडी मारू नका. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून मानेवर, तोंडावर पाणी घ्या आणि श्वास ताब्यात आल्यावरच निघा. धाप लागलीच तर हातपाय न झाडता पाठीवर तरंगत राहा. मिनिट-दीड मिनिटात ती उतरते.

ओफेलच्या वाळूच्या किनाऱ्यापासून सुरुवात करा. वर लाल, खाली पिवळा असे दोन झेंडे दिसतात, त्यांच्यामधल्या भागावर जीवरक्षकांची नजर असते (२०२२पासून फ्रान्सभर हीच खूण आहे). लाल झेंडा असेल तर पाण्यात उतरायचं नाही, जांभळा म्हणजे पाणी दूषित. उन्हाळ्यात कधीकधी निळ्या-हिरव्या शेवाळाचा थर येतो. काठावर हिरवा रंग सांडल्यासारखे पट्टे दिसले तर फलक वाचायलाही थांबू नका, सरळ परत फिरा.

बेटाचा बेत नंतर करा, तोही किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांना विचारून. कमरेला नारिंगी फुगा, डोक्याला भडक टोपी, सोबत कायाकमध्ये कुणीतरी. इथे मोटरबोटी आणि शिडाच्या होड्या फिरतात आणि पाण्यातलं काळं डोकं त्यांना दिसत नाही. शक्यतो सकाळी जा, दुपारी वारा उठतो. बेटावर चालतही जाता येतं, पूल आहे. जंगलात मोठमोठी शिल्पं मांडली आहेत आणि आल्दो रोस्सी व झाव्हिए फाब्र यांनी बांधलेलं, १९९१ साली उघडलेलं कलाकेंद्र दीपस्तंभासकट उभं आहे. ते अजिबात चुकवू नका.

यजमानांना सायकलची आवड आहे म्हणालात. १९९०च्या तूर द फ्रान्स सायकल शर्यतीत शेवटून दुसऱ्या दिवशी ग्रेग लेमाँडने पिवळी जर्सी (आघाडीवरच्या सायकलपटूची) मिळवली ती याच तलावाकाठी. ते सायकलवर निघतील तेव्हा तुम्ही ओफेलला पोहून घ्या. उंच गवतातून चालून आलात की गुडघ्यामागे, काखेत गोचीड आहे का ते त्याच दिवशी बघा. आणि आणीबाणीचा नंबर ११२.